मगुंदात ते अनास्तासियस : दोन्हीकडे परका ठरलेल्या एका इराणी संन्याशाची गोष्ट

धागाकर्ती : गोदाकाठ

रोमला गेलेला प्रत्येक जण ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी जातो. गर्दी, फोटो, पाण्यात टाकायची नाणी. मागच्या वर्षी आम्ही तिथे असताना पावसाची जोरदार सर आली. आडोसा म्हणून कारंज्यासमोरच्या कोपऱ्यावर एक चर्च दिसलं, त्यात शिरलो. दर्शनी भाग खांबांनी अगदी दाटलेला. १६५० च्या आसपासचं बांधकाम. नाव होतं संत विन्सेंट आणि अनास्तासियस. विन्सेंट स्पेनचे, चौथ्या शतकातले, हे माहीत होतं. हा दुसरा कोण? आत शिरताना हा प्रश्न डोक्यात बसला आणि घरी आल्यावरही गेला नाही. वाचत गेले आणि कळलं की ज्याच्या नावाचं चर्च रोमच्या ऐन मध्यात उभं आहे, तो जन्माने जरथुष्ट्री होता. त्याचे वडील मोबेद, म्हणजे अग्निमंदिरातले धर्मगुरू. या माणसाबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नाही, म्हणून हा धागा.

त्याचं मूळ नाव मगुंदात. इराणातल्या रस्नुनी गावचा. वडिलांचं नाव बाऊ. मगांची, म्हणजे जरथुष्ट्री पुरोहितांची, विद्या ते स्वतः शिकवायचे, मुलालाही लहानपणापासून त्यातच तयार केलं. पुढे मुलगा सैन्यात भरती झाला. काळ इराणचा राजा दुसऱ्या खुस्रोचा. एकीकडे सासानी इराण आणि दुसरीकडे बिझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य. सव्वीस वर्षं चाललेलं युद्ध, दोन्ही राज्यांना पोखरून काढणारं.

६१४ साली इराणी फौजेने जेरुसलेम घेतलं. शहराची राखरांगोळी झाली, तिथला पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू, झकारियास कैद झाला आणि येशूचा म्हणून पूजला जाणारा क्रूस लुटीबरोबर इराणात आला. राजधानी तेसिफोनमध्ये एकच चर्चा : ख्रिस्ती लोकांचा देव आणलाय म्हणे! मगुंदात तेव्हा तिथेच होता. लाकडाच्या तुकड्यापायी एवढी माणसं का रडतात, हे त्याला समजून घ्यायचं होतं. तो विचारत सुटला. ज्या लुटीने एक अख्खं शहर धाय मोकलून रडलं, तीच लूट या जिंकणाऱ्या बाजूच्या शिपायाला धरून बसली. या जागी मी वाचताना थांबले होते.

पुढे त्याची तुकडी सेनापती शाहीनबरोबर थेट खाल्सेदोनपर्यंत गेली. समोर सामुद्रधुनी आणि पलीकडे कॉन्स्टँटिनोपल. तिथून फौज परत फिरली तेव्हा मगुंदातने हत्यार खाली ठेवलं आणि निसटला. हिएरापोलिस या सीरियातल्या गावी एका इराणी ख्रिस्ती सोनाराकडे राहिला आणि चांदीकाम शिकला. सोनार त्याला चर्चमध्ये न्यायचा. भिंतींवर रक्तसाक्षींची, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांची, चित्रं होती. हे कोण, यांना का मारलं, हे तो प्रत्येक चित्रापाशी विचारायचा. बाप्तिस्मा मात्र लांबत होता, कारण सोनार इराणी अंमलाला घाबरून होता. शेवटी मगुंदात जेरुसलेमला गेला. तिथेही एका चांदीकाम करणाऱ्याकडेच उतरला. त्याने त्याला पुनरुत्थान मंदिरातल्या एलियास या धर्मगुरूकडे नेलं. ६२० च्या सुमारास मॉडेस्टसने त्याला बाप्तिस्मा दिला. कैदेतल्या पॅट्रिआर्कच्या जागी तेव्हा तोच कारभार पाहत होता. नवं नाव अनास्तासियस. ग्रीकमध्ये ‘अनास्तासिस’ म्हणजे पुनरुत्थान.

तो शहराजवळच्याच जस्टिन मठाधिपतींच्या मठात राहिला. सात वर्षं. आधी स्वयंपाकघरात, मग बागेत. ग्रीक अक्षरं शिकला, स्तोत्रं पाठ केली. रक्तसाक्षींची चरित्रं वाचायला बसला की रडायचा. सात वर्षांनी, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाच्या आदल्या रात्री त्याला स्वप्न पडलं. उंच डोंगर, आणि कोणीतरी त्याच्यापुढे रत्नं जडवलेला सोन्याचा पेला धरतंय, द्राक्षरसाने भरलेला. घे, पी. त्याने जस्टिनना स्वप्न सांगितलं. मग एके रात्री अंगावरच्या वस्त्रानिशी तो मठातून निघून गेला.

कैसरिया या समुद्रकाठच्या गावात त्याला इराणी मोबेद विधी करताना दिसले. त्यांच्याशी तो बोलला, टोचून बोलला. शिपायांनी हेर समजून धरलं. त्याने सरळ सांगितलं, हेर नाही, मी तुमच्यातलाच होतो, आता ख्रिस्ताचा आहे. मर्झबान म्हणजे प्रांताधिकाऱ्यासमोर उभं केलं. फटके द्यायचे ठरले तेव्हा त्याला बांधायला माणसं पुढे आली. बांधू नका म्हणाला. एवढीच विनंती केली की अंगावरचं संन्याशाचं वस्त्र काढू द्या, त्याचा अपमान व्हायला नको. वस्त्र बाजूला ठेवलं, स्वतः जमिनीवर आडवा झाला आणि हलला नाही.

किल्ल्यात दगड वाहायची शिक्षा झाली. मानेत आणि पायात साखळी, आणि पाय दुसऱ्या कैद्याच्या पायाला जखडलेला. तिथे त्याच्या मुलखातलेच इराणी होते. आमच्या मातीला काळिमा फासलास म्हणत त्यांनी त्याला लाथा मारल्या, दाढी उपटली, झेपणार नाहीत असे दगड पाठीवर चढवले.

दिवसभर दगड वाहून झाल्यावर तो रात्री प्रार्थनेला उठायचा. जोडीदार कैदी तरुण पोरगा होता, दमून झोपलेला. साखळी ताणली तर त्याची झोपमोड होईल, म्हणून अनास्तासियस त्याच्या पायाशी आपला पाय लावून, मान वाकवून, तसाच एका जागी उभा राहून स्तोत्रं म्हणायचा. मला या सगळ्या चरित्रातलं हे सर्वात जवळचं वाटतं. मोठमोठ्या चमत्कारांच्या गोष्टी बाजूला ठेवते. हा पायाशी लावलेला पाय माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मर्झबानने राजाला कळवलं. उत्तर आलं ते फार सौम्य होतं. एकदा, फक्त तोंडाने, खाजगीत म्हण की मी ख्रिस्ती नाही. मग सैन्यात अधिकारी हो किंवा पुन्हा संन्यासी हो, तुझी मर्जी. मनात काय ठेवायचं ते ठेव. अनास्तासियस नाही म्हणाला.

१४ सप्टेंबर ६२७. क्रूसाचा सण. एका ख्रिस्ती जकात अधिकाऱ्याने रदबदली केली आणि त्या एका दिवसापुरती त्याची साखळी काढून त्याला चर्चमध्ये नेलं. क्रूस स्वतः अजून इराणात कैद, आणि त्याचा सण इराणी अंमलाखालच्या गावात होतोय, आणि मध्ये हा इराणी कैदी उभा. लोक त्याचे हात धरत होते.

नंतर त्याची रवानगी इराणात झाली. मठाधिपतींनी एक संन्यासी सोबत पाठवला. अनास्तासियसने वाटेत मठाला दोन पत्रं लिहिली. एक हिएरापोलिसहून, जिथे तो चांदीकाम शिकला होता, आणि दुसरं टायग्रिस नदीवरून. माझ्यासाठी प्रार्थना करा, एवढंच मागणं. दस्तगर्दजवळ बेथसालोए इथे त्याला ठेवलं. पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा मारहाण. पायांवर लाकडी तुळई, एका हाताने टांगणं. २२ जानेवारी ६२८ ला नदीकाठी सुमारे सत्तर कैद्यांना त्याच्यासमोर दोरीने गळा आवळून मारलं. मग त्याची पाळी. नंतर शिर कापलं. दहाव्या दिवशी, १ फेब्रुवारीला, बिझंटाइन सम्राट हेराक्लियसचं सैन्य तिथे पोचलं. महिना संपायच्या आत खुस्रोला त्याच्याच मुलाने गादीवरून खाली खेचलं आणि तो मारला गेला.

लांबलं. पण मला जे खरं सांगायचंय ते त्याच्या मरणानंतरचं आहे, ते प्रतिसादात लिहिते.

---

वसईची_पोर

ताई, मनापासून धन्यवाद. मी वसईची, कॅथलिक. २२ जानेवारीला संत विन्सेंट हे माहीत होतं, त्याच तारखेला हे दुसरे आहेत हे नव्हतं माहीत. आमच्याकडे रक्तसाक्षी म्हटलं की पहिलं नाव संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेले, जपानात व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन पंथाचे संन्यासी बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर गेले. १८६२ साली संत म्हणून जाहीर झाले. शाळेत असताना त्यांच्यावर निबंध लिहिला होता.

एक शंका विचारते. आमच्या धर्मगुरूंनी शिकवलंय की रक्तसाक्षी व्हायला स्वतःहून धावत जायचं नसतं. मग हे मठ सोडून निघून का गेले?

---

गोदाकाठ

@वसईची_पोर, हा प्रश्न मलाही पडला. मला वाटतं, त्याचं उत्तर सात वर्षांत आहे. उतावीळ माणूस सात वर्षं भांडी घासत आणि बागेत पाणी घालत बसत नाही. आणि तो मठात सुखरूप बसलेला असताना त्याचे देशबंधू त्याच गावांवर राज्य करत होते. त्यांच्याशी बोलल्याशिवाय त्याला राहवलं नसेल. हा माझा अंदाज झाला.

---

चिकूवाडी

मी डहाणूचा, पारशी, घरात गुजराती पण शिक्षण मराठी माध्यमात. लेख वाचताना आधी थोडा सावध होतो, कारण अशा गोष्टींत आमचे मोबेद नेहमी जादूटोणा करणारे दाखवलेले असतात. तुम्ही तसं केलं नाही, बरं वाटलं. एक विनंती, कोणी ‘अग्निपूजक’ लिहू नका. आतश, म्हणजे अग्नी, आमच्यासाठी अहुरमज्दाचं तेज आहे, त्याच्यासमोर उभं राहून प्रार्थना त्याचीच.

आता थोडी भर. खुस्रोच्या राज्यात ख्रिस्ती असणं हा गुन्हा नव्हता. त्याची राणी शिरीन ख्रिस्ती. त्याचा खजिनदार यझदीन ख्रिस्ती, आणि मोठा वजनदार माणूस. जन्मतः ख्रिस्ती असलेले हजारो लोक शेती करत होते, कर भरत होते, दरबारात होते. गुन्हा होता तो जरथुष्ट्री घर सोडण्याचा, आणि तोही मोबेदाच्या मुलाने. वर युद्धाच्या काळात फौजेतून पळालेला. आजच्या कुठल्याही सैन्यात पळालेल्या शिपायाचं काय होतं ते आपण जाणतोच. त्याच्या आधी ६१५ मध्ये मिहरमगुश्नस्प ऊर्फ गिवर्गिस नावाच्या एका उमराव घराण्यातल्या माणसाला याच कारणासाठी क्रूसावर चढवलं होतं. तोही धर्म बदलून संन्यासी झालेला.

त्याच्या मुलखातल्यांनीच दाढी उपटली हे वाचून वाईट वाटलं. पण त्यांचा राग मला कळतो. दूर परमुलखात, सगळे आपल्याकडे शत्रू म्हणून बघताहेत, आणि आपल्यातलाच एक जण त्यांच्या बाजूने उभा आहे.

---

गोदाकाठ

@चिकूवाडी, हा प्रतिसाद धाग्यात नसता तर लेख अर्धा राहिला असता. यझदीनचं नाव घेतलंत ते फार योग्य. चरित्रात त्याच्या मुलांचा उल्लेख येतो. तुरुंगात त्यांनी याची शक्य तेवढी काळजी घेतली. म्हणजे त्याच राज्यात ख्रिस्ती घर दरबारात आहे आणि धर्म बदललेला ख्रिस्ती बेड्यांत.

---

प्रश्नचिन्ह

लेख चांगला, पण संतचरित्रांवर किती विश्वास ठेवायचा? कुत्र्यांनी प्रेताला तोंड लावलं नाही, रात्री अंगाभोवती उजेड दिसला, हे प्रत्येक संताच्या चरित्रात असतंच. आपल्याकडेही असतं.

---

गोदाकाठ

@प्रश्नचिन्ह, बरोबर आहे. उजेड या चरित्रातही आहे, तो पाहणारा एक ज्यू कैदी होता असं सांगितलंय. ते कोणी मानावं, कोणी मानू नये. पण मी दोन गोष्टींवर बोट ठेवीन. एक, राजाचं ते सौम्य उत्तर. संताला मोठं करण्यासाठी कोणी कथा रचत असेल तर तो राजाला क्रूर रंगवेल. इथे राजा म्हणतोय, तोंडदेखलं म्हण आणि जा, संन्यासी राहा. हे कोणी मुद्दाम रचेल असं वाटत नाही. दुसरी गोष्ट तारखांची. सण, मरण, सैन्याचं आगमन, सगळं दिवसावार. सोबतचा संन्यासी तिथे होता आणि जिवंत परत आला, म्हणून हे मठात लिहिलं गेलं. घटनेनंतर थोड्याच वर्षांत.

---

उल्हासकाठ

कल्याणहून. इराणच्या चर्चचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सहाव्या शतकात, साधारण ५५० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या कॉसमस नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात लिहिलंय की ‘कल्लियाना’ इथे एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे मगुंदातच्या काळाच्या आधीपासूनच आमच्या खाडीवर इराणी चर्चच्या प्रार्थना चालू असणार. रोज लोकल पकडताना हे कधी मनात आलं नव्हतं.

आणि शेजारचं ठाणं. १३२१ मध्ये तिथे चार फ्रान्सिस्कन संन्याशांना मारण्यात आलं. तोलेंतिनोचा थॉमस त्यांतला प्रमुख. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस वाचला आणि त्यानेच कळवलं. ओडोरिक नावाचा प्रवासी नंतर त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनपर्यंत गेला. इथेही पुन्हा तेच, परत आलेल्या सोबत्यामुळे गोष्ट शिल्लक राहिली.

---

आखेनकर

मी जर्मनीत आखेनला शिकतोय. इथल्या कॅथेड्रलच्या खजिन्यात अनास्तासियसच्या नावाची एक अस्थिपेटी आहे. मी दोनदा पाहिलीय, पण हा माणूस इराणी हे आज कळलं. चांदीची, अधूनमधून सोन्याचा मुलामा. आकार चक्क एका छोट्या चर्चचा. चौकोनी इमारत, वर घुमट, कोपऱ्यांवर छोटी शिखरं. दहाव्या शतकातलं अँटिओकचं काम. जाळीतून आत पाहावंसं वाटतं. जो स्वतः चांदीकाम शिकला त्याच्यासाठी चांदीचं घर. उद्या परत जाऊन बघतो.

---

शब्दवेल्हाळ

मी अनुवादाचं काम करते, म्हणून एक भर घालते. या चरित्राचं ग्रीकमधून लॅटिनमध्ये भाषांतर झालं ते फारच वाईट होतं. इंग्लंडमधल्या जॅरोच्या मठातल्या बीडने, म्हणजे इंग्रजांच्या चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या बीडने, ७३१ मध्ये तो ग्रंथ पुरा करताना शेवटी आपल्या पुस्तकांची यादी दिली. त्यात तो सांगतो की अनास्तासियसचं चरित्र कोणीतरी ग्रीकमधून वाईट भाषांतरित केलं होतं, आणि दुसऱ्या कोणी अडाण्याने दुरुस्त करताना आणखी बिघडवलं होतं, ते मी अर्थ लागेल असं जमेल तेवढं सुधारलं. बाराशे नव्वद वर्षांपूर्वीचा हा वैताग मला ओळखीचा वाटतो. इराणी मुलखातल्या मोबेदाच्या मुलाची गोष्ट शंभर वर्षांत उत्तर इंग्लंडच्या थंडीत एक माणूस वाक्य वाक्य तपासत बसलाय.

---

ओटीवरचा_दिवा

त्या ‘फक्त तोंडाने म्हण’ वर अडकलोय. माझे काका आणीबाणीत दीड वर्ष तुरुंगात होते. बाहेर पडायचा मार्ग सोपा होता, एका कागदावर सही. काकू दुसऱ्या वेळेला बाळंत व्हायच्या होत्या. बराकीतल्या काहींनी सही केली, काका त्यांना कधीही वाईट म्हणाले नाहीत. घरची ओढ कुणाला नसते, म्हणायचे. स्वतः केली नाही. का केली नाही, असं मी एकदा विचारलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “हात उचललाच नाही रे.” एवढंच. मोठं तत्त्व वगैरे काही सांगितलं नाही.

आज ते नाहीत. तुमचा लेख त्यांना वाचून दाखवला असता.

---

गोदाकाठ

@ओटीवरचा_दिवा, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच काही लिहिता आलं नाही. काकांना नमस्कार.

आता राहिलेलं लिहिते. युद्ध संपलं, क्रूस ६३० मध्ये जेरुसलेमला परत आला. ६३१ मध्ये अनास्तासियसच्या अस्थीही इराणातून पॅलेस्टाइनला आणल्या. वाटेत कैसरियात लोक दर्शनाला लोटले. जिथे त्याने दगड वाहिले तेच गाव. तिथे अरेटा नावाची एक प्रतिष्ठित बाई होती. ती म्हणाली, इराणातून आलेल्या अस्थींपुढे मी हात जोडणार नाही.

तिचं काय चुकलं म्हणायचं? सतरा वर्षांपूर्वीच इराण्यांनी जेरुसलेम जाळलं होतं. तिच्याही घरचं कोणी गेलं असेल. पण ज्या माणसाला त्याच्या मुलखातल्यांनी ‘ख्रिस्ती’ म्हणून तुडवलं, तो मेल्यावर ख्रिस्ती गावात ‘इराणी’ ठरला. मला हा धागा काढावासा वाटला तो या एका वाक्यामुळे. @चिकूवाडी म्हणतात तसा त्याच्या मुलखातल्यांचा राग मला कळतो आणि या अरेटाचाही कळतो. मध्ये उभा राहणाऱ्याला मात्र दोन्ही बाजूंनी दगड.

कथेप्रमाणे अरेटा आजारी पडली, तिला स्वप्नात एक संन्यासी दिसला, आणि नंतर चित्रात तोच चेहरा पाहून तिने ओळखलं. ७८७ मध्ये निकेया इथे धर्मसभा भरली, पवित्र चित्रं असावीत की नसावीत यावर. तिथे हा प्रसंग वाचून दाखवला गेला, आणि पोपच्या प्रतिनिधींनी सांगितलं की ते चित्र आमच्या रोममध्येच आहे. हिएरापोलिसच्या भिंतीवरची चित्रं बघत ‘हे कोण’ विचारणारा शिपाई स्वतः भिंतीवर गेला.

---

वसईची_पोर

अंगावर काटा आला. तो बरोबर गेलेला संन्यासी, त्याचं पुढे काय झालं? नाव काय त्याचं?

---

गोदाकाठ

@वसईची_पोर, नाव चरित्रात नाही. ‘बंधू’ एवढंच. त्याने देह जवळच्या संत सर्जियसच्या मठात नेऊन ठेवला. मग हेराक्लियसचं सैन्य आलं आणि त्यांनी विचारलं, तू इथे कसा? त्याने सगळं सांगितलं. सैनिकांनी त्याला जपलं, जेवूखाऊ घातलं आणि परतताना बरोबर घेतलं. घरी पोचला तेव्हा त्याच्याजवळ अनास्तासियसचा अंगरखा होता, शेवटपर्यंत घातलेला. तो त्याने जस्टिन मठाधिपतींच्या हातात दिला आणि निघाल्यापासूनचं सगळं सांगायला बसला.